तारखेची जागा

आमच्या भंडाऱ्यात घरात काही चांगलं झालं की पितळी भांडं घ्यायचं आणि दुकानातच त्यावर कारणासकट नाव टाकून घ्यायचं. कोरलेलं पुसत नाही, म्हणून लोक आधी खात्री करून घेतात. म्हणजे शहाणे लोक.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा पाटी घेऊन शाळेत जाणारी माझी लेक आता परदेशात कणांच्या टकरी तपासते. एकदा फोनवर म्हणाली, "बाबा, एकाच टकरीत चार टॉप क्वार्क जन्मले, असं वाटून राहिलं. पण पक्कं नाही."

टॉप क्वार्क म्हणजे सगळ्यात जड मूलकण, चार एकदम जन्मणं फारच दुर्मीळ, एवढं तिनेच मला शिकवलेलं. 'पक्कं नाही' मात्र मी मनावर घेतलं नाही. शाळेतही ती दर पेपरनंतर रडायची आणि पहिली यायची.

मी दुकानातला पाणी भरायचा सगळ्यात मोठा पितळी गुंड घेतला आणि त्यावर टाकायला सांगितलं, 'लेकीने चार टॉप क्वार्क शोधल्याबद्दल. आईबाबांकडून.'

"हे काय असते जी?" दुकानदाराने विचारलं.

"लय जड असते."

"मंग गुंडाले झेपन का ते? बरं, तारीख काय टाकू?"

ती कुठे ठाऊक होती? जागा कोरी सोडली.

दिवाळीत लेक आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. "ते कण जन्मताच मोडतात, बाबा. तुकड्यांवरून ओळखायचे. अन् दुसऱ्या कणांचे तुकडेही तसेच दिसतात. सगळं पुन्हा तपासून राहिलो. काहीच नसलं त एवढी वर्षं..." पुढचं तिने वरणभातात कालवलं.

सकाळी मी गुंड गुपचूप माळ्यावर चढवायला गेलो आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा पाडला. लेक धावत आली. तिने वाचलं. मी शिडीवरच.

"हे काहून केलं जी, बाबा?"

"मले वाटलं, 'पक्कं नाही' तू नेहमीसारखंच म्हणून राहिली."

अक्षरांवरून फिरणारं तिचं बोट शेवटी थांबलं. "इथं काय?"

"तारीख. माहीत नव्हती."

आल्यापासून पहिल्यांदा ती हसली. "एवढं एक बरोबर केलं तुमी." मग हळूच म्हणाली, "अन् नाहीच सापडले त?"

स्वयंपाकघरातून तिची आई म्हणाली, "त पाणी पिऊ त्याच्यातून. गुंडच हाये तो. आण इकडं, चिंच लावून घासते."

लेकीने गुंड कडेवर घेतला, तान्हं लेकरू घ्यावं तसा, पोचा आलेली बाजू आपल्याकडे करून.