चिंतामणी की रामा

महाल भागात ब्लाउजपीसचं एक मॅचिंग सेंटर आहे, तिथे मी दुपारी तीन ते सात उभी असते. उभीच, कारण बसून कापड उलगडून दाखवता येत नाही. शेवटी शेवटी पोटऱ्यांचे दगड होतात. घरचे म्हणतात, आता काय गरज आहे? गरज नाहीच हो. पण घरात मला दिवसभर कोणी काही विचारत नाही, आणि इथे बायका माझ्यापुढे पदर पसरून विचारतात, यावर काय जाईल?

तर झालं असं, गेल्या उन्हाळ्यात मला निळा नि हिरवा वेगळा दिसेना. मोतीबिंदू. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, मी कोणाला बोललेच नाही. आपल्या वयाचं माणूस एकदा घरी बसलं की लोक त्याला बसवूनच ठेवतात, पाहिलंय मी. कोणत्या फळीवर कोणता गठ्ठा ते हाताला पाठ होतं, त्यावर रेटत होते.

दिवाळीआधी उमरेडकडची एक बाई आली. मुलीच्या साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, साडी चिंतामणी रंगाची, त्यावर पीस घेऊन गेली. आठवड्यानं ब्लाउज शिवून परत हजर. मी तिला रामा दिला होता. चिंतामणी निळ्याकडे जातो, रामा हिरव्याकडे. ट्यूबलाइटखाली चांगले डोळेही फसतात, आणि मी तर दारात उजेडाला न नेताच सांगितलं होतं, डोळे मिटून शिवायला टाक.

तिनं ब्लाउज साडीवर ठेवला.

"मावशी, तुमी म्हनलं डोळे मिटून टाक. आता मले सांगा, डोळे कोनाचे मिटले होते?"

बाजूच्या दोघी हसल्या. मलाही हसू आलं. शेठ गल्ल्यावर बसले होते. ट्यूबलाइटवर ढकलता आलं असतं, आम्ही नेहमीच ढकलतो. पण साक्षगंध परवावर आलेलं, आणि मला त्या लपवाछपवीचाच कंटाळा आला होता.

"माझेच वं," मी म्हटलं. "मले रंग दिसत नाही आता. मोतीबिंदू आहे."

आधी काहून नाही सांगितलं, तिनं विचारलं. मी गठ्ठे काढले नि दोघी दाराच्या पायरीवर जाऊन बसलो. रंग तिनं पाहायचा, कापड मी. कोणतं पाण्यात आटेल, कोणतं काखेत विरेल, ते बोटांना अजून कळतं. तिसऱ्या गठ्ठ्यात सापडलं. शेठनी स्वतः कापून दिलं. मग मला म्हणाले, ऑपरेशन करून घ्या. मी विचारलं, आणि माझी जागा? म्हणाले, पाहू. या वयात 'पाहू'चा अर्थ समजतो.

बाई पिशवी आवरत होती. अजून पाच साड्यांचं मॅचिंग राहिलंय, तुम्ही परत कधी, असं तिनं मला विचारलं. मी म्हटलं, महिना तरी लागेल.

"लगन तुळशीनंतर हाये," ती म्हणाली. "थांबतो मी." हे ती माझ्याकडे पाहून नाही, गल्ल्याकडे पाहून म्हणाली.

शेठनी कात्री पुसली, जागेवर ठेवली.

"महिना म्हणजे महिनाच, हां मावशी."