चेष्टेचा तास

हे कोणाला सांगायचं नाही, असं हेडमास्तरांनी आमच्याकडून कबूल करून घेतलं होतं. मी तशीही कोणाशी फारसं बोलत नसे, त्यामुळे माझी काळजी कोणालाच नव्हती. पण किस्से गिट्टीसारखे असतात. आमच्या भिलाईत रोज कुठे ना कुठे नवा रस्ता होतो. संध्याकाळी दारासमोर काही नसतं, सकाळी उठावं तर गिट्टीचा, म्हणजे खडीचा, ढीग. कोणी आणून टाकला, पत्ता नाही. तसेच हे माझ्याकडे साठले.

आता मी नववीत आहे. आमची सातवी पांगली. कोणाच्या वडिलांची बदली झाली, कोणी दुसऱ्या सेक्टरच्या शाळेत गेलं. आमची ती पत्र्याची शाळाही दिवाळीनंतर पाडणार आहेत, बाजूला पक्की इमारत उभी झाली आहे. आज धाकट्या बहिणीला न्यायला आले, शाळा सुटायला वेळ आहे, म्हणून इथेच शाळेच्या ओट्यावर बसून लिहिते.

* * *

सरला बहनजी आमच्या सातवीच्या बाई, जबलपूरच्या. त्यांची हिंदी पुस्तकातल्यासारखी. माझी हिंदी नळावर शिकलेली, आणि घरी तर भंडाऱ्याकडची बोली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला धडा वाचायला उभं केलं. माझा आवाज निघेना. त्या जवळ आल्या आणि प्रेमाने म्हणाल्या, "चेष्टा करो, चेष्टा करो."

आमच्या घरी चेष्टा म्हणजे टिंगल. बहनजी सगळ्या वर्गाला माझी टिंगल करायला सांगत आहेत, असं मला वाटलं. मी खाली बसून रडले.

माय दुसऱ्या दिवशी काम टाकून शाळेत आली. पदर खोचून म्हणाली, "मेरे लडकी की चेष्टा मत करो."

बहनजींनी त्यांच्या हिंदीत ऐकलं, की या मुलीसाठी प्रयत्न करू नका. त्यांना वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, "क्यों नहीं? मैं तो पूरी चेष्टा करूँगी. रोज़ करूँगी."

"पाहा, तोंडावर सांगून राहिली!" माय म्हणाली.

शेवटी चपराशी रामटेके काका धावत आले. ते आमच्याच गावाकडचे. आधी मायला जय भीम केला, मग दोघींना आपापल्या शब्दाचा अर्थ सांगितला, आणि मग घंटेपाशी जाऊन पोट धरून हसले.

* * *

बहनजींना तो शब्द फार आवडला. त्यांच्या हिंदीत प्रयत्न, आमच्या मराठीत मस्ती. पुस्तक मिटून, उठून, हातपाय हलवून जे जे शिकायचं, त्या सगळ्याला त्या चेष्टा म्हणू लागल्या. "आज चेष्टा का घंटा है," असं म्हटलं की बाकं भिंतीला लागायची.

एकदा त्यांनी मैदानावर चुन्याने हिंदुस्थानचा नकाशा काढला आणि सगळ्यांना आपापल्या गावी जाऊन उभं राहायला सांगितलं. वर्ग पळत सुटला. मल्याळी मुलं नळापर्यंत गेली, पंजाबी फाटकाशी. मी दोन पावलांत भंडाऱ्याला पोचले. माझी मैत्रीण फुलबासन मधोमध तशीच उभी.

बहनजी म्हणाल्या, तू का गेली नाहीस?

फुलबासन म्हणाली, "मोर गाँव तो इहें रिहिस, बहनजी."

तिचं गाव इथेच होतं, पोलादाच्या कारखान्याला जागा हवी म्हणून उठलं होतं. शाळेचा नळ आहे तिथे त्यांचा गोठा होता. त्या दिवशी नकाशावरून चालताना सगळे तिला वळसा घालून गेले.

* * *

सगळ्यात मोठी चेष्टा भट्टीची. बहनजींनी सांगितलं, खनिजात लोखंड आणि माती एकमेकांचा हात धरून बसलेले असतात. मग काही मुलं लोखंड, त्यांचे हात धरलेली माती. काही मुलं कोळसा, ती फूं फूं करून भट्टी तापवणार. उरलेली मुलं चुना. चुन्याने मातीचा हात पकडून तिला लोखंडापासून सोडवायचं आणि मागच्या दाराने बाहेर न्यायचं. या बाहेर गेलेल्यांचं नाव स्लॅग. लोखंड पुढच्या दाराशी येणार, तिथे एक जण पट्टी आडवी धरून उभा; त्याने "खोलो" म्हणायचं आणि लोखंड वाहणार.

एकच शब्द, म्हणून ते काम मला दिलं. तोही माझ्याने निघाला नाही. मी नुसती पट्टी वर केली.

स्लॅगला परत बोलवायचं मात्र राहून गेलं. हेडमास्तर फेरीवर निघाले तर बारा मुलं कडुनिंबाखाली हात धरून बसलेली. त्यांनी दरडावून विचारलं, वर्ग सोडून इथे काय चाललंय?

त्यांतला एक जण उठून अदबीने म्हणाला, "सर, हम स्लॅग हैं."

* * *

हेडमास्तर वाईट नव्हते, भित्रे होते. इन्स्पेक्टर साहेब येणार असं कळलं तेव्हा त्यांनी आम्हाला सांगितलं, बहनजींची नोकरी अजून कच्ची आहे, साहेबांच्या शेऱ्यावर पक्की व्हायची. गोंधळ दिसला तर त्या जबलपूरला परत. तेव्हा साहेबांसमोर चेष्टा हा शब्दसुद्धा काढायचा नाही, आणि बाहेरही कोणाला सांगायचं नाही.

आम्ही गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली.

* * *

साहेब आले. पांढरा शर्ट, पांढरी पॅंट. आम्ही हाताची घडी घालून बसलो. त्यांनी विचारलं, भट्टीत लोखंड कसं तयार होतं? सगळ्यांना येत होतं, पण बसून कोणालाच येत नव्हतं. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. बहनजींचा चेहरा उतरला. मग साहेबांचं बोट माझ्याकडे आलं.

मी उभी राहिले. बहनजींना राहवलं नाही. पहिल्या दिवसासारख्याच हळूच म्हणाल्या, "चेष्टा करो."

बाकं भिंतीला लागली. कोळसा फूं फूं करू लागला, चुना मातीकडे धावला. साहेब गडबडीत खुर्चीवरून उठून मधेच उभे. मी पट्टी घेऊन दाराशी पोचले, आणि पाहते तो भट्टी अडकलेली. चुन्यातला एक जण तापाने घरी होता. माती झालेली फुलबासन एकटी उरली होती, आणि तिचं लोखंड काही केल्या सुटत नव्हतं. ती माझ्याकडे पाहत होती. बहनजींनी डोळे मिटले होते.

"साहब," मी म्हणाले. आवाज माझाच होता. "आप चूना बन जाइए."

फुलबासनने हात पुढे केला. साहेबांनी वही काखेत मारली आणि तो धरला. दोघं मागच्या दाराने गेले.

"खोलो," मी ओरडले.

बाहेर हेडमास्तर चहाचा ट्रे घेऊन येत होते. कडुनिंबाखाली साहेबांना पाहून ट्रे कलला. "साहब, आप यहाँ?"

साहेबांनी फुलबासनचा हात सोडला नाही. म्हणाले, "हम स्लॅग हैं."

रामटेके काका अजून म्हणतात, "साहेबाले चुना केलं या पोरीनं, लावला नाही."

शेऱ्याची वही हेडमास्तरांनी कपाटात कुलपात ठेवली, पण काकांनी ती त्यांच्याकडे न्यायच्या आधी वाचली होती. त्यांनी मला एकटीलाच सांगितलं, की पहिल्याच ओळीत साहेबांनी असं लिहिलं होतं की— थांबा, सरला बहनजी खिडकीतून मलाच हाक मारत आहेत, नव्या सातवीत आज एक चुना कमी पडला आहे, मी जरा—