टोपलीत गेलेली गल्ली

आमच्या गावची वेबसाइट मी उभी केली, असं गावात मानतात. त्याबद्दल मला शाल आणि नारळ मिळाला. पुण्याहून आलेल्या पोरांनी पाया पडून फोटो काढले. ती शाल मी एकदाही अंगावर घेतलेली नाही. का, ते आता लिहून ठेवतो.

दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. तोवर भालकी तालुक्यातल्या आमच्या गावातून जवळजवळ प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी पुण्याला नाहीतर हैदराबादला गेलं होतं. त्यातल्या एका मुलाला पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी होती. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी ठरवलं, गावची वेबसाइट काढायची. प्रत्येक घराचं एक पान. घरात कोण आहे, कोण कुठं गेलं, आणि घरच्यांचा फोटो. गावच्या वाचनालयात कॉम्प्युटर आला, टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट आलं. मी मराठी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर, म्हणून शुद्धलेखन तपासायचं काम माझ्याकडे.

पहिल्या दिवशी पुण्याचा मुलगा मोबाइलवर म्हणाला, "गुर्जी, कायबी लिवा." मी एका बोटाने अक्षरं शोधत लिहिलं, "आज तुरीला फुलं आली आहेत." त्याने सांगितलेलं बटण दाबलं. तो लगेच म्हणाला, "दिसलं गुर्जी. तुरीला फुलं आलीत म्हणायलाव."

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. वाऱ्यावर तूर हलत होती. तिचं फुलणं एवढ्यात पुण्याला पोचलं होतं, आणि मधल्या कुठल्याच गावाला त्याची खबर नव्हती. मी कॉम्प्युटरच्या पाठीवर हात ठेवला. बैलाच्या पाठीसारखी ती गरम लागली.

लिहिण्याचं खरं काम गावातल्या एका सुनेकडे होतं. ती खटकचिंचोळीची लेक. तिथल्या शाळेत मी तिला शिकवलं होतं, पुढे ती लग्न होऊन आमच्याच गावात आली. भालकीला कॉम्प्युटर शिकलेली होती, म्हणून पुण्याच्या मुलांनी तिला थोड्या पगारावर ठेवलं. कॅमेरा घेऊन ती घरोघर जायची, माणसांशी बोलायची, पान तयार करायची. मी ते तपासायचो. मग ती ते लोकांसाठी चढवायची.

हे सगळं ज्या पडद्यावर व्हायचं तो मला भीतीदायक वाटायचा. डावीकडे बटणांची रांग, वर रांग, खाली रांग, सगळं इंग्रजी. तिनेच मला समजावलं.

"गुर्जी, ही आतली खोली हाय. लोकान्ला भाईरून निस्ती वसरी दिसती. आत आपुन काय मांडामांड करायलाव ते त्यान्ला कळत न्हाई."

"मग एवढी बटणं कशाला?"

"करणाऱ्यानं समद्या जगासाठी केलंय. आपल्याला त्यातली चारच लागत्यात."

ती चार कुठली, हे मी वहीत लिहून घेतलं नाही. सगळं त्यातून सुरू झालं.

एका गल्लीची सगळी पानं तिने लिहून काढली, आणि तेवढ्यात तिच्या आईला हैदराबादच्या दवाखान्यात न्यावं लागलं. जाताना म्हणाली, "तपासून ठेवा गुर्जी. मी आल्यावर चढवते." त्या पानांत मेंढरं राखणाऱ्या घरातल्या एका म्हातारीचं पान होतं. फोटोत तिच्या खांद्यावर कोकरू होतं आणि ती तोंड भरून हसत होती. मतदार कार्डावरचा काळपट डाग सोडला तर तिचा दुसरा फोटो जगात नव्हता.

मी रोज सकाळी जाऊन एकेक पान तपासलं. तपासून झालं की ते कुठं ठेवायचं? पानाच्या कडेला एक लहान चित्र होतं, टोपलीचं. शाळेत बत्तीस वर्षं माझ्या टेबलाशेजारी बांबूची टोपली असायची. तपासलेल्या वह्या तिच्यात पडायच्या. मी चित्र दाबलं. पान यादीतून गेलं. मला समाधान वाटलं. पूर्ण गल्ली मी तशी टोपलीत ठेवली.

ती दोन महिन्यांनी परतली. त्याच्या आदल्या आठवड्यात म्हातारी गेली होती. तिचा मुलगा पुण्यात बांधकामावर होता. मातीला येऊन तो परत गेला होता. पुन्हा गावी येण्याआधी तो कॉम्प्युटरवाल्या मुलाकडे गेला. तेराव्याला ठेवायला आईचा फोटो काढून दे म्हणाला. फोटो सापडेना. पानच सापडेना.

मोबाइल वाजला तेव्हा आम्ही दोघं वाचनालयातच होतो. गल्लीची पानं दिसेनात म्हणून सून आधीच शोधायला बसली होती. त्या आतल्या खोलीत एक यादी असते हे मला त्या दिवशी कळलं. कोणी, कधी, काय केलं, सगळं त्यात आपोआप लिहिलं जातं. तिने ती उघडली. एकाखाली एक ओळी, प्रत्येक ओळीत माझं नाव. टोपलीतली पानं तीस दिवसांनी कायमची पुसली जातात, हेही त्याखाली लिहिलेलं होतं. कॅमेऱ्यातले फोटो तर तिने पुढच्या गल्लीसाठी जागा करायला कधीच पुसले होते.

पुण्याचा मुलगा स्पीकरवर होता. "गुर्जी, आख्खी गल्ली गायब हाय. म्हातारीचा ल्योक हितं माझ्याम्होरं बसलाय. कुणी काढलं?"

पडद्यावर माझं नाव होतं. मी म्हणालो, "मला ठावं न्हाई बाबा. मी निस्तं वाचून बगायचो."

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग मोबाइलकडे तोंड करून म्हणाली, "माझ्याच्यानं झालं असंल, अण्णा."

"असंल म्हंजी काय, अक्का? तेराव्याला त्यानं काय ठिवायचं?" मग तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आता तुम्ही. गुर्जी बगतील."

तिचं काम असं गेलं. गावात बोललं जायचं ते वेगळंच. म्हातारीचा फोटो हिनं घालवला.

फोन बंद झाल्यावर तिने विचारलं, "गुर्जी, टोपलीत कामून टाकलाव?"

मी वह्यांचं सांगितलं. ती यादी बंद करून म्हणाली, "मग चूक टोपलीची हाय. आपल्याकडं टोपलीत टाकलेलं कोण फेकतंय? भाकरी टोपलीत, कांदं टोपलीत, कोंबडी डालायची तीबी टोपलीखाली. फेकायचं ते उकिरड्यावर. ज्यानं हे चित्र काढलं त्यानं आपलं घर बघितलेलं न्हाई." मग म्हणाली, "तीन दिस किल्ली माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या." किल्ली म्हणजे आतली बटणं बदलता येतात तो मुख्य पासवर्ड.

मी खरं सांगेन म्हणून ती वाट पाहत होती, असं मला वाटतं. मी सांगितलं नाही. आणि त्या तीन दिवसांत तिने जे केलं, तसं काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

तिने सासऱ्याला कॉम्प्युटरपुढे बसवलं. मग चहाच्या टपरीवालीला, मग मला. कुणाला काही शिकवलं नाही. फक्त म्हणायची, "तुमच्या घराचं पान उघडून दोन वळी लिवा." आणि मागे वही घेऊन उभी राहायची. बोट जिथं अडलं, तिथं वहीत टिंब. सासरा वैतागून म्हणाला, "बैलगाडीला इमानाची बटनं कामून बसवलीस?" तिने तेही लिहून घेतलं.

ज्या बटणापाशी टिंबं जमली, ते तिने झाकलं. उरलेल्यांना मराठी नावं दिली. तिसऱ्या दिवशी पडद्यावर तीनच शब्द उरले: लिहा, तपासा, दाखवा. टोपली गेली. पान काढून टाकायचंच असेल तर खाली एक प्रश्न यायचा, "हे पान परत मिळणार न्हाई. जाऊ द्यायचं का?" आठवीपर्यंत शाळा पाहिलेला सासरा त्या संध्याकाळी कुणालाही न विचारता आपल्या मेलेल्या बैलाबद्दल चार ओळी लिहून उठला. मी दारात उभा होतो. आयुष्यभर मी न कळणाऱ्या मुलाला ढ म्हणालो होतो. फळाच बदलून पाहावा, हे मला कधी सुचलं नव्हतं.

किल्ली माझ्या हातात देऊन ती पुढच्या महिन्यात नवऱ्याबरोबर हैदराबादला गेली. यात्रेला पुण्याची मंडळी आली, तेव्हा गावातल्या बायका स्वतः पानं लिहीत होत्या. कॉम्प्युटरवाला मुलगा सगळ्यांपुढे म्हणाला, "गुर्जींनी इतकं सोपं केलंय की माझी आई बी लिवायलीय." शाल पुढे आली. मी मान वाकवली.

ती यादी मात्र अजून आतल्या खोलीत आहे. तिला ती पुसता आली असती, कुणाला दाखवताही आली असती. तिने दोन्ही केलं नाही. त्या ओळी मी किती वेळा वाचल्या असतील.

गेल्या महिन्यात मी तिला फोन केला. खरं काय ते लिहायलोय म्हणालो.

"किती वर्सं झाली त्याला, गुर्जी."

"तरी."

"मग लिवा. पर टोपलीचं बी लिवा. न्हाईतर लोकान्ला वाटंल, मास्तर खुळा हुता."

"हुताच," मी म्हणालो. ती हसली, आणि आईची तब्येत सांगत बसली.

म्हातारीचं पान तिने जाण्याआधी आठवून पुन्हा लिहिलं होतं. फोटोची चौकट तेवढी रिकामी आहे. काल मी त्या चौकटीखाली लिहिलं, "इथला फोटो माझ्या हातून गेला. बोल पानं लिहिणाऱ्या सुनेला लागला, दोष माझा होता." मग दाखवा दाबलं. तिने लिहून ठेवलेला प्रश्न आला, "हे समद्यांना दिसंल. दाखवायचं का?" खाली दोन बटणं, व्हय आणि न्हाई.

मी व्हय दाबलं. मग आतली यादी उघडून पाहिली. सगळ्यात वर एक नवी ओळ होती. दिवस, वेळ, आणि माझं नाव.