सुट्टीचा तास

"चला, याले घरी नेऊन राहिलो आपण," असं म्हणत मॅडम पेशंटच्या पायाशी स्टूल ओढायच्या आणि डोळे मिटायच्या. भोवतीचे मेडिकलचे विद्यार्थीही मिटायचे. दवाखान्यातून घरी सोडण्याला आपल्याकडे सुट्टी म्हणतात. ती कशी द्यायची, याचा हा तास.

"गेटाबाहेर आलो. पुढे?"

"ॲम्ब्युलन्स, मॅडम."

"नाल्यापाशी थांबली. उतर."

मग मुलं मनातल्या मनात पेशंटला खाटेवर घालून, बांध तुडवत उंबरठ्यापर्यंत न्यायची. तिथं मॅडमचा शेवटचा प्रश्न ठरलेला, "आत कोन हाय?" एकानं झटकन सांगितलं, "बायको." मॅडम म्हणाल्या, "ते धान रोवण्याले गेली. आता तू थांबशील का, डॉक्टरसाहेब?" सगळ्यांत आधी पेशंटच हसला.

मॅडम नागऱ्याकडच्या, धानाची शेती असलेल्या घरातल्या. मी त्यांचा विभागप्रमुख. वॉर्डातून जाताना मी मुद्दाम विचारायचो, "ध्यान संपलं का?" त्या डोळे न उघडता म्हणायच्या, "सर, अजून नाल्यातच आहो आम्ही. थांबा."

दरेकशाकडचा एक म्हातारा लकव्यानं पडला होता. गिळताना त्याला ठसका लागायचा. बसवून, मान पुढे करून, चमच्यानं हळूहळू भरवावं लागे. भर रोवण्याचे दिवस. बायको, सून, दोघीही धानाच्या बांधीत. मॅडम माझ्या खोलीत आल्या.

"रोवणा होईपर्यंत ठेवा सर. बायको आली की तिला भरवणं शिकवते. आता घरी कोणी नाही."

"हा वॉर्ड आहे मॅडम, धर्मशाळा नाही."

मी तोंडी सांगून सुट्टी दिली. पुतण्या घेऊन गेला. घरी कुणीतरी शेतावर जायच्या घाईत त्याला आडव्यानंच पेज पाजली. ती छातीत गेली. म्हातारा वाचला नाही.

त्या मृत्यूवरच्या बैठकीत प्रश्न आला, सुट्टी कुणी दिली? सगळ्यांनी मॅडमकडे पाहिलं, कारण सुट्टी हा त्यांचा विषय. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत राहिलो. त्यांचा तास बंद झाला.

बाहेर व्हरांड्यात त्या एवढंच म्हणाल्या, "सर, काऊन बोलले नाही?"

गेल्या हिवाळ्यात मॅडम वारल्या. शोकसभेत त्यांचा एक लाडका विद्यार्थी रडत म्हणाला, "मॅडमच्या हातून एकच चूक झाली, पण शिकवलं खूप." पुढचा वक्ता मी होतो. मॅडम कष्टाळू होत्या, असं म्हणून मी खाली बसलो.

तुमच्यापैकी कुणी त्या सभेत असाल, तर ऐका. सुट्टी मी दिली होती. मॅडम नको म्हणत होत्या.

आता दुपारी पडल्या पडल्या मी डोळे मिटतो आणि त्या म्हाताऱ्याला घरी नेतो. दरेकशाचं स्टेशन, नाला, बांध, उंबरठा. आत कोण आहे, असं कुणी विचारत नाही. मी त्याला खाटेवर आडवा ठेवतो आणि परत येतो.