कळसूबाई आणि माझे स्वच्छ तळपाय

या ग्रुपवरचे अनुभव वाचून मी आजवर हसतच आलोय. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाची गाडी वडाखाली आपोआप बंद पडते... आमच्या स्टाफरूममध्ये असं काही सांगणाऱ्याची सगळ्यात जास्त खिल्ली मीच उडवायचो. आता स्वतःच लिहायला बसलोय. पण लाज त्याची वाटत नाहीये, दुसऱ्याच गोष्टीची वाटतेय.

मी राहुरीजवळच्या एका शाळेत पीटीचा शिक्षक आहे. मुलांना दोरीवर चढवतो, घाबरणाऱ्याला सगळ्यांसमोर "बायल्या" म्हणतो. म्हणायचो. नोकरी लागत नव्हती तेव्हा आईने कळसूबाईला नवस बोलला होता – पोरगा पर्मनंट झाला की स्वतः वर येऊन ओटी भरेल. गेल्या वर्षी पर्मनंट झालो. आईचे गुडघे गेलेत, तिला चढणं शक्य नव्हतं. तिने हिरवा खण, नारळ, बांगड्या, हळदीकुंकू असं सगळं फडक्यात बांधून दिलं.

"सोत्ता जायचं बरं का. कुनाच्या हाती धाडायची न्हाई," ती म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीत शाळेतले गव्हाणे सर आणि आणखी दोघे असे आम्ही अकोले तालुक्यातल्या बारी गावातून चढायला लागलो. ऊन छान पडलं होतं. मी सगळ्यांच्या पुढे, अंगात शाळेचा ट्रॅकसूट, पाठीवर मोठ्या अक्षरात "क्रीडाशिक्षक". राज्यातलं सगळ्यात उंच शिखर म्हणजे काय, आपल्याला तर वॉर्मअप, असं बोलूनही झालं होतं.

आणि मग त्या लोखंडी शिड्या आल्या. पहिली कशीबशी चढलो. दुसरीच्या मध्यावर पायऱ्यांच्या फटीतून खाली बघितलं आणि दोन्ही हातांनी कठडा धरून तिथेच थांबलो. खालची शेतं फिरायला लागली. मागून एक म्हातारी येत होती, नऊवारी खोचलेली, पायात काही नाही. "सरा की दादा, मानसं खोळंबल्यात," म्हणाली आणि मला ओलांडून वर गेली. मी मात्र एकेक पायरी बसत उतरलो.

बाकीचे तिघे पहिल्या शिडीपाशीच मला मागे टाकून वर गेले होते. मी वाटेपासून जरा बाजूला एका खडकाआड बसलो, बॅग छातीशी धरून. चक्कर येत होती म्हणून डोळे मिटले. झोप लागली नव्हती, एवढं छातीठोक सांगतो. वाटेवरून जाणाऱ्यांचं बोलणं मला सगळा वेळ ऐकू येत होतं. मनात एकच – आता आईला काय सांगू?

बऱ्याच वेळाने गव्हाणे सरांचा आवाज आला. "अरे, तू आमच्या आधी खाली कसा? वर देवळात हाक मारली तर वळून बघितलं नाहीस!"

खरं बोलायची ती वेळ होती. मी म्हणालो, "ऊन लागत होतं, उतरलो भराभर."

खाली चहाच्या टपरीवर पाण्याची बाटली काढायला बॅग उघडली. ओटी नव्हती. फडकं होतं, घडी घातलेलं, आणि त्यात कुंकू लागलेली नारळाची अर्धी वाटी. बॅग माझ्या हातातून क्षणभरही सुटली नव्हती हो...

गव्हाणे सरांनी तेवढ्यात मोबाईल पुढे केला. फोटोत देवळाचं दार, आत गुडघे टेकून वाकलेला माणूस. चेहरा दिसत नाही. पाठीवर "क्रीडाशिक्षक". पुढ्यात हिरवा खण. तळपाय कॅमेऱ्याकडे, मातीने काळे झालेले, एका टाचेतून रक्त आलेलं.

घरी पोचेपर्यंत सरांनी फोटो आईच्या मोबाईलवर टाकला होता. ती तो डोळ्यांजवळ धरून रडत बसली होती.

"अनवानी गेलास व्हय रं? म्या नवस अनवानीच बोलले हुते. तुला सांगितलं न्हाई, म्हनलं तू चिडशील. कसं कळलं तुला?"

तिने प्रसादाचं खोबरं डोळ्यांना लावून खाल्लं. मग घमेल्यात गरम पाणी आणलं, मीठ टाकलं, आणि ते दुखरे गुडघे वाकवून माझ्यासमोर खाली बसली. "काढ मोजे. बघू कुठं लागलंय."

"राहू दे गं आई."

"काढ म्हनते ना!"

मोजे काढले. दोन्ही पाय स्वच्छ, ओरखडासुद्धा नाही. आईने टाचा उलटसुलट करून पाहिल्या, फोटो पाहिला, पुन्हा टाचा पाहिल्या. वाटलं, आता पकडणार ही मला, आणि मी सुटेन एकदाचा. तिने हात जोडले.

"बघ, देवीनं घरी यीपर्यंत जखम बी भरून काढली."

तसा ट्रॅकसूट शाळेत दुसऱ्या कुणाकडेच नाही. त्या दिवशी तो माझ्याच अंगात होता. गव्हाणे सरांना फिरवून फिरवून विचारलं, ते शपथेवर सांगतात की तूच होतास. मग खडकाआड कोण बसलं होतं? मला आजही काही सांगता येत नाही. वर जो कोणी गेला तो घाबरला नाही, एवढं खरं. आई गल्लीत सगळ्यांना कौतुकाने त्याच्याबद्दल सांगते, आणि मी शेजारी बसून मान डोलावतो.

त्या दिवशी आईने माझे पाय धरले आणि त्या पाण्यात ठेवले. ती धूत राहिली, मी धुऊ दिले.