दवण्याची काडी

देव आपलं ऐकतो का, असं त्या दिवसांत मला सारखं वाटायचं. पण विचारायला सुद्धा अंगात जोर नव्हता.

सासूबाईंना मी इथल्या कानडी लोकांसारखं अत्ते म्हणते. त्यांची आठवण गेली आहे. मी कोण, हे त्यांना कळत नाही. त्यात त्यांनी खाणंच सोडलं. चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटायचे. गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. ते ऐकून आमचे हे गॅलरीत जाऊन उभे राहिले.

दुपारी मी मल्लेश्वरमला औषध आणायला गेले. येताना एका फुलवालीने हाक मारली. मी मान हलवून नको म्हटलं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि दवण्याची काडी पिशवीत टाकली. "तगोळ्ळी अक्का, देवरिगे." घ्या अक्का, देवासाठी. पैसे घेतले नाहीत.

घरी देवघरापर्यंत जायचाही कंटाळा आला. मऊ भाताच्या ताटातच काडी ठेवली आणि अत्तेंजवळ बसले. खोलीत दवण्याचा वास पसरला. त्यांचं नाक हललं. हात चाचपडत ताटाकडे आला. काडी नाकाशी धरून त्या बराच वेळ तशाच राहिल्या. मग किती दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला.

"नैवेद्य दाखवलास?"

मी चमचा खाली ठेवला.

"देवाआधी मला भरवतेस? मी काय देवापेक्षा मोठी झाले गं?"

माझ्या लग्नापासून मी पाहत होते. देवापुढे ताट ठेवून पाणी फिरवल्याशिवाय अत्तेंनी कधी घास घेतला नव्हता. आता पूजा हे सकाळी घाईत आटपतात, आतल्या खोलीत. पलंगावरून त्यांना काही दिसत नाही.

मी देवघरातली लहान अन्नपूर्णा आणून उशाशी ठेवली. अत्तेंचा हात धरून ताटाभोवती पाणी फिरवलं. त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि तोंडही उघडलं.

दुसऱ्या घासाला म्हणाल्या, "मीठ नाही यात."

हे दारात उभे होते. हसले, आणि तोंड पुसायच्या निमित्ताने डोळे पुसले.

नळी लागली नाही. अत्ते अजून मला ओळखत नाहीत, कधी कधी जेवतही नाहीत. पण आता मी चमचा घेऊन मागे लागत नाही. ताट अन्नपूर्णेपुढे ठेवते, पाणी फिरवते आणि हात जोडून थांबते. पुढचं तिच्यावर. तेवढा वेळ मलाही जरा बसायला मिळतं. ते बसणंही तिनेच दिलं, असं मी मानते.