ट्रकला समुद्रस्नान

सतराव्या वर्षी मला जगातलं सगळं पाणी कळत होतं. ते वरून खाली वाहतं, उन्हाळ्यात आटतं आणि त्याच्या काठावर ठेवलेली वस्तू तिथंच राहते. इंद्रायणीच्या काठी वाढलेल्या पोरीला आणखी काय ठाऊक असणार? अक्कल चूळभर होती, पण आगाऊपणा हंडाभर.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, लष्कराच्या लिलावातून एक जुना ट्रक घेतला होता. पिंपरीला तेव्हा कारखान्यांची बांधकामं चालली होती, आमचे हे तिथं खडी वाहता वाहता गाडी चालवायला शिकले होते. चाकणच्या बाजारातला कांदा थेट रत्नागिरीला न्यायचा, असा त्यांचा बेत होता. मामंजींना तो काही केल्या पटेना.

"जाताना कांदा न्याल. येताना काय, वारा भरून आणणार? रिकामी आली तर मोटार इकून बैलजोडी घेणार, सांगून ठेवतो."

बैलांशी माझं वैर नव्हतं. पण ट्रक गेला की माझी धाव पुन्हा चुलीपासून विहिरीपर्यंतच. म्हणून मी दाराआडून, अगदी गरीब गाईच्या आवाजात विचारलं, "वाटेत भाकरी कोण करून घालणार?" नवी सून एकटी नवऱ्याबरोबर कशी पाठवायची? म्हणून आत्याबाई, माझ्या सासूबाई, सोबत निघाल्या. हे गाडी चालवायला, मी खिडकीशी आणि मध्ये आत्याबाई, गळ्यात तुळशीची माळ, मांडीवर पानाची चंची. मागे ताडपत्रीखाली आमचं घर होतं. पोत्यांवर वाकळ अंथरलेली, कोपऱ्यात स्टोव्ह, तवा आणि पिठाचा डबा. कुंभार्ली घाटात पिठाचा डबा कलंडला आणि उतरून पाहते तो आमचं निम्मं घर पांढरं झालेलं.

रत्नागिरीला पोचलो त्या सकाळी निम्मी पोती बाजारात उतरली. उरलेल्यांना दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक मिळेल, असं कळलं. दिवस मोकळा होता, म्हणून समुद्र पाहायला गेलो.

तिघांनीही तो पहिल्यांदाच पाहिला. आत्याबाईंनी हात जोडले. यांनी टोपी काढली. आणि मी? मला ट्रकवरची घाटाची लाल धूळ दिसली. आमच्याकडे लांबून आलेली बैलगाडी नदीत उभी करायची रीत. धूळ जाते, चाकाचं लाकूड फुगतं, त्याभोवतीची लोखंडी धाव घट्ट बसते. मी म्हटलं, "अहो, पाण्याच्या कडेला उभी करा. थोडी भिजू दे."

"हिची चाकं रबराची आहेत," हे म्हणाले.

"असू देत. आंघोळ कुणाला नको असते?"

आत्याबाईंनीही मान डोलावली, मग यांचं काय चालणार? ओल्या, टणक वाळूवरून ट्रक पार लाटांपाशी नेऊन उभा केला. जवळच एक म्हातारे कोळी जाळं सांधत बसले होते. ते म्हणाले, "गो बाय, वर घ्या गाडी. पाणी येईल."

"आजोबा, पाणी चाकाला जेमतेम शिवतंय, ट्रकच्या पोटापासून केवढं लांब आहे!"

"आता लांब आहे."

"मग काय, चालत येणार आहे?" असं म्हणून मी खुदकन हसले. त्या हसण्याला आज एक चापट मारावीशी वाटते.

मग आम्ही शहर पाहिलं. जांभ्या दगडाची घरं, उतरती कौलं, अंगणाअंगणात नारळ. आत्याबाई प्रत्येक माडाखालून पदर डोक्यावर घट्ट धरून पळत निघायच्या, जणू पदरानं नारळ अडणार होता. एका दुकानात कोकमाचं सरबत प्यालो. त्याचा रंग पाहून आत्याबाईंनी आधी मला प्यायला लावलं. मी जिवंत राहिले तेव्हा त्यांनी दोन पेले घेतले. टेकाडावरून खाली बोटी दिसत होत्या, आणि त्या बोटींच्या पलीकडे काहीच नव्हतं, नुसतं पाणी. चुलीपुढं बसणाऱ्या मला एवढं मोकळं काही असतं, हे माहीतच नव्हतं.

दुपार कलल्यावर परतलो. ट्रक समुद्रात उभा होता. चाकं निम्मी बुडालेली, वाळूत रुतलेली, आणि लाट आली की ताडपत्रीवर पाणी उडत होतं.

हे धावले. इंजिन सुरू झालं, पण चाकं जागीच फिरून आणखी खाली गेली. माझ्या डोळ्यांपुढं मामंजी बैलाचे दात तपासताना दिसू लागले.

जाळंवाले म्हातारे उठले. "आलं ना गो चालत?" एवढंच म्हणाले आणि त्यांनी हाक घातली.

झोपड्यांतून माणसं निघाली. "आधी वजन उतरवा," म्हातारे म्हणाले. बायकांनी लुगड्यांचे कासोटे खोचले आणि पोती डोक्यावर घेऊन कोरड्यात नेली. पोतं उचलताना मी पाण्यात बसले, तेव्हा सगळ्याजणी पोट धरून हसल्या. होड्या ओढायच्या फळ्या चाकांखाली सरकवल्या, दोर बांधला, आणि एका सुरात आरोळी देत सगळ्यांनी ट्रक ओढून काढला. पाणी इंजिनापर्यंत पोचलं नव्हतं, म्हणून वाचलो.

आत्याबाईंनी पोतं सोडून प्रत्येकीच्या ओटीत कांदे घातले. एकीनं तिथंच बुक्कीनं कांदा फोडून चाखला. "आई गो, गोड आहे! उरलेला बाजारात कशाला नेताव? आमास द्या. बदल्यात सुकट घ्या, बोंबील घ्या."

आम्ही दोघांनी आत्याबाईंच्या माळेकडे पाहिलं. त्यांनी नाकाला पदर लावला.

"भर," त्या यांना म्हणाल्या. "आपल्याला खायाचं न्हाई, वाहायचं हाय. बैल शेणखत वाहतो म्हून बाटतो व्हय?"

म्हाताऱ्यांच्या सांगण्यावरून वाटेत चिपळूणला नदीवर ट्रक गोड्या पाण्यानं धुतला. या वेळी तो मी काठावरच उभा करायला लावला, आणि पाण्यावरची नजर काढली नाही.

आमच्या आधी आमचा वास घरी पोचला. मामंजी माळकरी नव्हते. सुकटीची पोती पाहून त्यांच्या मिशा हलल्या, पण हार मानतील तर ते मामंजी कसले! ट्रकभोवती फिरून कुठं काय बिघडलंय, ते शोधत राहिले. चाकावरच्या पत्र्याच्या कडेला राहिलेला पांढरा थर त्यांनी बोटानं खरवडला, जिभेला लावला आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

माझी मान खाली. हे ट्रकमागे लपलेले.

"खारट हाय," मामंजी म्हणाले.

"मग?" आत्याबाई पायरीवर बसून पान लावत होत्या. "रिकामी येऊ नगा म्हनला व्हता न्हवं? मीठ बी आणलंय."

मामंजी हसले नाहीत. त्यांनी मूठभर सुकट उचलली, परड्यातल्या चुलीकडे वळले आणि जाता जाता यांना म्हणाले, "येत्या बाजारी कांदा जरा निवडून घे. आन् हिला सांग, भाकरीचं पीठ जास्ती घ्यायला."